अकरा बरोबरच्या खुणा

नेरूळ,
रविवार, ६ ऑक्टोबर १९८५

ती. पुतळावहिनींना,
गोटीरामचा नमस्कार पोचावा.

सहा वर्षांनी पत्र लिहितो आहे. एवढ्या दिवसांत सवड झाली नाही असं लिहिणार होतो, पण कंपनीच्या टाइम ऑफिसात बसून मी दिवसाला दोनशे माणसांचे तास तपासतो, मला सवड म्हणजे काय ते चांगलं कळतं. तेव्हा ते राहू दे.

आई परवा उलव्याहून परत आली. तुमच्याकडचे निवटे मासे आणले, तुमच्या हातच्या भाकरीचं कौतुक केलं आणि मग म्हणाली, "पुतळीनं सगुनाचा स्कॉलरशिपचा फॉरम मास्तरच्या हातात परत दिला." मी विचारलं, का? तर आईने तुमचंच वाक्य सांगितलं: "आयशीचं डोकं चाललं नाय, पोरीचं काय चालनार?"

वहिनी, हे तुम्ही म्हणालात? पोर वर्गात पहिली आहे, मास्तर घरी येऊन सांगून जातात, आणि तुम्ही म्हणता डोकं नाही. चौथीची स्कॉलरशिप म्हणजे काय मोठं? भाषा, गणित आणि तीच आपली बुद्धिमत्ता चाचणी. अमका तमक्याचा कोण, पुढची आकृती कुठली, माणूस कुठे वळला. सगुणा हसत हसत करील. दादा असता तर फॉर्म त्यानेच भरला असता.

आणि डोक्याचंच म्हणाल तर आपल्या दोघांत दोन मार्कांचा तर फरक होता. कंपनीच्या परीक्षेत चाळीसात मला एकतीस, तुम्हाला एकोणतीस. दोन मार्क म्हणजे नशीब, त्यात डोक्याचा काय संबंध! नियमच तसा होता, जमीन गेलेल्या घरातून कितीही जणांनी परीक्षा द्यावी आणि कारकुनाची जागा मात्र जास्त मार्कवाल्या एकाला. माझा पाय जरा पुढे पडला, एवढंच.

फॉर्मची शेवटची तारीख पंधरा नोव्हेंबर आहे, मी इथल्या शाळेत विचारून आलो. सोबत एक सरावाचं पुस्तक पाठवतो आहे. होडीवाला पोपट आणून देईल. त्याला चहा द्या, नाहीतर पुढच्या वेळी माझं पुस्तक खाडीत टाकील.

उत्तर पाठवाल तर आंतर्देशीय पाठवा. कार्ड आलं की शिवराम पोस्टमन ओटीवर बसून आईला मोठ्याने वाचून दाखवतो आणि अर्धी आळी ऐकायला येते, हे तुम्हाला माहीत आहेच.

आपला,
गोटीराम


नेरूळ,
रविवार, २० ऑक्टोबर १९८५

ती. वहिनींना नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. मला मिळायच्या आधी सगळ्या आळीला मिळालं. शिवरामने चष्मा पुसून वाचलं, "सगुणाचं सगुणा बघंल. तुमी आमच्या घरात नाक खुपसू नका. आईंना नमस्कार." आई एवढी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो. तुम्ही रागावलेल्या बऱ्या, गप्प असलात की मला भीती वाटते.

पुस्तकही परत आलं. पोपट म्हणाला, "चा दिला, पन पुस्तक घेतला नाय."

मी पुन्हा लिहितो आहे, नाक लांब आहे म्हणा. वहिनी, तुम्हाला ती वही आठवते? दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. आपण दोघे मागच्या पडवीत पाटावर बसायचो, सगुणा तेव्हा तीन वर्षांची, आपल्या मध्ये लोळत. मी ठाण्याहून पुस्तक आणलं आणि तुम्ही पहिल्याच दिवशी उत्तरांची पानं फाडून माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "भावजी, उत्तर समोर असलं की मन चोरटं होतं. ही तुमच्यापाशी ठेवा. माझं तुमी तपासा." आणि तुमचा नियम. चूक खोडायची नाही, तिच्याखाली कारण लिहायचं. मी म्हणालो, एवढा व्याप कशाला? तर तुम्ही तुमच्या बाबांची गोष्ट सांगितलीत, आगरात मीठ काळं आलं तर म्हातारा ते फेकत बसत नाही, चिखल कुठून शिरला ते आधी बघतो.

मला तुमची कारणं अजून तोंडपाठ आहेत. "सर्व कावळे पांढरे आहेत असे माना," असा प्रश्न होता. तुम्ही लिहिलंत, कावळे पांढरे नसतात. मी फुली मारली. खाली तुमच्या अक्षरात: "कारण, मी डोळ्यांचं ऐकलं, कागदाचं ऐकलं नाही." मग तो दुसरा, रमेशच्या मामाची मुलगी रमेशची कोण? तुम्ही लिहिलंत, बायको. मी पाटावरून पडायचा बाकी होतो. खाली कारण: "आपल्याकडचं लग्न इथे लावलं." त्यानंतर नात्यांच्या प्रश्नात तुम्ही एकदाही चुकला नाहीत. मी मात्र तीच चूक चार चार वेळा करायचो, कारण मी खोडून टाकायचो.

आता खरं सांगायचं तर दिशांचा प्रकार मी तुम्हाला नीट शिकवला नाही. तेव्हा भाताची कापणी, आईचं दुखणं, सगळी घाईच होती. तुमचे परीक्षेतले मार्क तिथेच गेले असावेत. म्हणजे दोष शिकवणाऱ्याचा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुम्हाला लागू नाही. अंगणच वाकडं होतं.

त्या वहीत शेवटच्या तीन आठवड्यांतल्या दिशांच्या पानांवर एकही कारण लिहिलेलं नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं का? असो. वही एव्हाना चुलीत गेली असेल.

फॉर्मला सव्वीस दिवस आहेत. एवढं तरी करा.

गोटीराम


नेरूळ,
रविवार, ३ नोव्हेंबर १९८५

वहिनी,

या वेळी कार्डसुद्धा आलं नाही. आई सांगते की तुम्ही पोरीला उन्हाळ्यापासून मिठागरावर नेणार आहात, पाट्या उचलायला हात मजबूत झाला पाहिजे म्हणता. नऊ वर्षांच्या पोरीचा हात.

मागच्या पत्रात घाई झाली असं लिहिलं होतं. घाई नव्हती. भात कापायला आपल्याकडे जमीनच कुठे राहिली होती? ती गेली म्हणून तर परीक्षा होती. आईसुद्धा त्या वर्षी ठणठणीत होती. एका ओळीत दोन थापा मारल्या मी.

आता जे लिहितो ते एकटीने वाचा.

एकोणऐंशीचा सप्टेंबर. दादा जाऊन वर्ष झालं होतं. आपण दोघे निवटे धरायला खाडीच्या बांधावर गेलो होतो. तुम्ही बांधावर उभ्या राहिलात, खाडीकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "ही उत्तर दिशा. आणि पूर्व मागं, डोंगराकडं, तिथून दिवस उगवतो." मी काही बोललो नाही. पण मला तिथल्या तिथे सगळं कळलं. उलव्याला खाडी गावाच्या उत्तरेला आहे. तुम्ही लहानपणापासून खाडी म्हणजे उत्तर दिशा असंच शिकलात. लग्न होऊन नेरूळला आलात, इथे खाडी पश्चिमेला आणि पूर्वेला डोंगर. तुम्ही उत्तर दिशा माहेरची ठेवलीत आणि पूर्व सासरची घेतलीत. मग त्या दोन्ही समोरासमोर आल्या. अशा जागी उभं राहून माणूस उजवीकडे वळला तर कुठेही पोचेल.

एका वाक्यात सांगून झालं असतं. "वहिनी, पाटीवर फुली काढा, वर उत्तर दिशा लिहा, उजव्या हाताला पूर्व, आणि खाडी विसरा." एवढंच. तुम्ही खाली कारण लिहिलं असतं आणि ती चूक पुन्हा कधी झाली नसती. तुमची चूक एकदा सापडली की सापडली.

त्याच दुपारी आई शेजारच्या विमलबाईंना ओटीवर सांगत होती, "नोकरी पुतळीलाच लागनार. आमच्या गोट्याचं डोकं लग्नाच्या बेंजोसारखं, आवाज लय, सूर नाय." दोघी हसल्या. मी आत होतो. आदल्या दिवशीच्या सरावाच्या पेपरात तुम्हाला पस्तीस होते आणि मला तीस. मी बी.कॉम.ला दोनदा आपटलेला. माझ्या मोठ्या भावाची बायको, मॅट्रिक, मला पाट सरकवून देणारी, ती कंपनीत खुर्चीवर बसणार आणि मी तिला होडीपर्यंत डबा पोचवणार, हे माझ्या घशाखाली उतरेना.

संध्याकाळी तुम्ही दिशांचे चार प्रश्न सोडवून वही पुढे केलीत. चारही चूक. लाल पेन्सिल माझ्या हातात होती, उत्तरांची पानं माझ्या मांडीखाली होती. मी चारही ठिकाणी बरोबरची खूण केली.

मनात म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तीन होते. त्यानंतर आणखी चार. एकूण अकरा, मी मोजल्या आहेत, गेली सहा वर्षं मोजतोच आहे. तुम्ही म्हणालात, "बघा भावजी, दिशा मला पहिल्यापासून सोप्या!" तेव्हा तुमचा चेहरा असा होता की मी पेन्सिलीचं टोक मोडून घेतलं आणि टोक करायला बाहेर गेलो.

परीक्षेत दिशांचे चार प्रश्न आले. तेवढेच तुमचे गेले असतील असं नाही, पण ते चार तरी गेलेच. तुमचे तेहेतीस झाले असते. लोक पेपर चोरतात, मार्क चोरतात. मी तुमच्या चुका चोरल्या वहिनी. तुमच्याकडे दुसरं काय होतं? चुकायचं आणि त्यातून शिकायचं, याच एका गोष्टीच्या जोरावर तुम्ही माझ्यापुढे होता.

कंपनीच्या गेटवर यादी लागली. तुम्ही बोट फिरवून दोन्ही नावं बघितलीत आणि म्हणालात, "बरं झालं, घरातच राहिली. माझं डोकं तेवढं नाय चाललं." घरी येऊन ट्रंकेतला दादाचा पांढरा शर्ट काढलात, कॉलर उलटून शिवलीत आणि पहिल्या दिवशी घालायला मला दिलात. मी तो घातला. आठ तास अंगावर ठेवला.

होळी झाल्यावर तुम्ही सगुणाला घेऊन उलव्याला गेलात. आईने थांबवलं, मी थांबवलं नाही. तुम्ही समोरून गेलात तर मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी जबाब द्यावा लागेल आणि तेवढाही त्रास मला द्यायचा नाही. फक्त एवढंच, की डोकं चाललं नाही हे खोटं आहे. ते मी तुमच्या डोक्यात घातलं, आणि आता ते पोरीच्या डोक्यात उतरतं आहे. बारा दिवस राहिले आहेत. माझ्यावरचा राग फॉर्मवर काढू नका.

मेहेरबानी करून उत्तर बंद पत्रात पाठवा. आईला हे माहीत नाही.

गोटीराम


उलवे
११-११-८५

श्री. गोटीराम यांस,

मुद्दाम उघड्या कार्डावर लिहिते. शिवरामभाऊ, आईंना सावकाश आणि मोठ्यानं वाचून दाखवा.

वही चुलीत घातली नव्हती. ट्रंकेत होती. सगुणा आणि मी पाटी घेऊन बसलो. अकरा बरोबरच्या खुणा तपासल्या. अकराही चूक. खोडल्या नाहीत. प्रत्येकीच्या खाली कारण लिहिलं. अकरा ठिकाणी कारणं दोन-दोन.

एक. माहेरची उत्तर दिशा आणि सासरची पूर्व एका कागदावर मांडली.
दोन. तपासणारा घरचा आहे असं धरून चालले.

सगुणाचा फॉर्म आज मास्तरांना दिला. आईंना नमस्कार.

पुतळा


नेरूळ,
रविवार, १९ जानेवारी १९८६

ती. वहिनींना,

कार्ड आलं त्या दिवशी मी दुसऱ्या पाळीला जाणार होतो, म्हणून घरीच होतो. शिवराम नेहमीसारखा ओटीवर बसला, विमलबाई आल्या, शेजारचे दोघे-तिघे आले. दिवाळीचा दिवस, लोकांना वाटलं उलव्याहून काही गोड बातमी असेल. शिवराम वाचत गेला आणि "दोन" म्हणून थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. आई म्हणाली, "थांबलास कशाला? वाच." त्याने वाचलं.

विमलबाईंनी तोंड उघडलं तर आईने त्यांना हाताने गप्प केलं. मग मला म्हणाली, "कान्ह्याचा शर्ट कुठं हाय?" मी दादाचा शर्ट काढून दिला. तिने तो स्वतः धुतला, वाळवला, घडी घातली आणि दुसऱ्या होडीने तुमच्याकडे घेऊन आली. तुमच्याकडे काय बोलली ते मला ठाऊक नाही. इथे मला जेवायला वाढते, भाकरी मोडून ताटात ठेवते, पण दोन महिने झाले, "गोट्या" अशी हाक मारलेली नाही. कंपनीतसुद्धा बातमी पोचली आहे. परवा एकाने तासांचा कागद माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "नीट तपास हां, तू घरचा हाईस." सगळे हसले. मी कागद तपासला. त्याचा अर्धा तास जास्त लागला होता, फुली मारली.

ही तक्रार नाही. कार्ड मला पोचलं एवढं कळवायचं होतं.

खरं म्हणजे यानंतर तुमच्याकडून काही येईल असं वाटलं नव्हतं. काल पोपटने पाकीट आणून दिलं. आत सगुणाचा सरावाचा पेपर आणि तुमची चिठ्ठी, "मी तपासलाय. आता तुमचा तपास बघायचाय." मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली ते सांगत नाही, तुम्ही हसाल. हसलात तर बरंच.

वीस प्रश्न आहेत. आज सकाळपासून घेऊन बसलो होतो. उत्तरांची पानं पाठवली नाहीत ते बरं केलंत, मी सगळे स्वतः सोडवले आणि मग ताडून बघितले. पोरीचं अक्षर तुमच्यावर गेलं आहे. दिशांचे पाचही बरोबर. प्रत्येकाच्या शेजारी तिने लहानशी फुली काढून वर उ. आणि उजवीकडे पू. लिहिलं आहे. मी ते बघत राहिलो. आकृत्या बरोबर, अंकांची मालिका बरोबर. एकोणीस प्रश्नांवर खुणा केल्या आहेत आणि प्रत्येक खूण खरी आहे.

राहिला बारावा.

"माझ्या वडिलांच्या आईचा धाकटा मुलगा माझा कोण?"

सगुणाने लिहिलं आहे, "कोणी नाही."

वहिनी, हे तुम्ही बघितलंत आणि तसंच ठेवलंत. मला कळलं. मी या प्रश्नापाशी दुपार घालवली. आधी वाटलं, बरोबरची खूण करावी. पोर खोटं काय बोलली? तीन वर्षांची असताना गेली ती, तिने मला ओळखावं असं मी काय केलं? खूण करून टाकली असती तर मलाही हलकं वाटलं असतं, शिक्षा भोगल्यासारखं. पेन्सिल कागदाला लागलीसुद्धा होती. मग लक्षात आलं की पुन्हा तेच करतो आहे. परीक्षेत हा प्रश्न आला आणि तिने हेच लिहिलं तर मार्क तिचा जाईल, माझा नाही. मला बरं वाटावं म्हणून चुकीवर बरोबरची खूण, ही बारावी झाली असती.

आणि फुली मारावी तर वाटलं, मीच माझं नातं मागतो आहे असं दिसेल. तसं दिसलं तर दिसू दे. ते माझं मी बघीन.

बारावा प्रश्न चूक आहे. फुली मारली आहे. बरोबर उत्तर मी लिहिलेलं नाही, ते तिचं तिने शोधायचं. खाली कारणाची ओळ मोकळी सोडली आहे. तिथे काय लिहायचं ते तिला तुम्हीच सांगा, मला ते माहीत आहे. फक्त तिला खोडू देऊ नका.

पेपर उद्या पहिल्या होडीने पाठवतो.

गोटीराम